डॉ. लागूंमधून बेलवलकर वजा केले तर?

सज्जावाला | रविवार, रात्री १०:१२

गेल्या आठवड्यात एका कॉलेजच्या एकपात्री स्पर्धेला परीक्षक म्हणून बसलो होतो. चौदा मुलं होती, त्यातल्या सहांनी शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मधला आप्पासाहेब बेलवलकर केला, म्हणजे डॉ. श्रीराम लागूंनी गाजवलेला म्हातारा नट. सहाही जणांच्या अंगावर शाल किंवा घोंगडी, हातात काठी, आणि आवाज कुणाचा म्हणाल तर लागूंची नक्कल करणाऱ्या कुणाची तरी नक्कल. झेरॉक्सची झेरॉक्स. एकाची दाढी तिसऱ्या वाक्याला सुटली, पण पठ्ठ्याने ती एका हाताने धरून स्वगत पुरं केलं. त्याला मी उत्तेजनार्थ दिलं. नंतर चहाच्या वेळी विचारलं, "लागूंचं आणखी काय पाहिलंयस?" म्हणाला, "सर, पण त्यात नाना पाटेकर आहेत ना?"

त्याला तरी काय बोलणार. डॉक्टर १७ डिसेंबर २०१९ ला गेले, ९२ व्या वर्षी. 'नटसम्राट'चा पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७० चा, मुंबईत, धि गोवा हिंदू असोसिएशनचा. दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर, आप्पांची बायको कावेरी म्हणजे शांता जोग. तो मूळ संच रंगमंचावर पाहिलेला माणूस आज साठीच्या अलीकडे सापडणं कठीण.

तर प्रश्न असा. लागूंमधून बेलवलकर वजा केले तर हाती काय उरतं? माझ्या मते भरपूर. उलट मला वाटतं की त्या एका स्वगताने बाकीच्या लागूंवर पडदा टाकला. ज्यांनी जे पाहिलंय, ऐकलंय ते लिहा. विकिपीडिया आणून चिकटवू नका, तो मलाही वाचता येतो.

———

हौदावरची | रविवार, रात्री १०:५८

वडील पीडीएच्या तालमींना सतरंज्या घालायला असायचे (त्यांचेच शब्द, प्रत्यक्षात सतरंज्यांवर जास्त बसायचे). प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशन म्हणजे भालबा केळकर, लागू आणि मंडळी, १९५१ ची गोष्ट. सगळे पोटापाण्याचं वेगळं काही करणारे. कुणी प्राध्यापक, कुणी डॉक्टर. संध्याकाळी तालीम, सकाळी आपापलं दुकान.

कानेटकरांचं पहिलं नाटक 'वेड्याचं घर उन्हात' १९५७ साली याच लोकांनी केलं. त्यात दादासाहेब लागूंनी केले. वय किती? तिशीच्या उंबऱ्यावर. बेलवलकर केला तेव्हा त्रेचाळीस. म्हणजे म्हातारा रंगवण्याचा सराव त्यांनी ऐन तारुण्यातच सुरू केला होता. वडील म्हणायचे, इतर नट म्हातारपण कमरेत आणतात, हा माणूस आधी नजरेत आणतो.

तुमच्या त्या दाढी धरलेल्या पोराला माझ्यातर्फे एक वडापाव.

———

सरळसोट | रविवार, रात्री ११:३१

शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. लागू मोठे, मान्य. पण थंड. प्रत्येक वाक्य घासून पुसून, वजन करून टाकलेलं. त्यांचा बेलवलकर पाहून आमचे तीर्थरूप म्हणाले होते, "काय अभिनय केला!" आणि दत्ता भटांचा पाहून आल्यावर काहीच बोलले नाहीत, जेवले नाहीत, तसेच झोपले. फरक एवढाच. नट दिसला तर नाटक पडलं.

———

नाक_कान_घसा | सोमवार, सकाळी ७:०५

सरळसोट यांच्या 'वजन करून टाकलेलं' या शब्दांवर थोडं लिहितो, कारण धंदा तोच आहे. लागूंसारखाच मीही पुण्याच्या बी. जे. मेडिकलमधून बाहेर पडलेला घशाचा डॉक्टर, त्यांच्या फार नंतरचा.

आमच्याकडे येणाऱ्या आवाजाच्या रुग्णांत शिक्षक, भाजीवाले, कीर्तनकार आणि नट हे ठरलेले. ओरडून ओरडून स्वरतंतूंवर गाठी येतात. आवाज बसला की माणूस आणखी जोर लावतो आणि गाठ आणखी घट्ट होते. नवख्या नटाला वाटतं, शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं तर घसा ताणायला हवा. प्रत्यक्षात पोचवतो तो श्वास, आणि शब्द कळतो तो व्यंजनांमुळे. स्वर मोठा झाला म्हणून शब्द स्पष्ट होत नाही.

आता मराठीची एक खोड बघा. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. आणि दमलेला नट नेमका वाक्याचा शेवट गिळतो. म्हणजे कुणी, कुठे, कुणाला हे सगळं प्रेक्षकाला कळतं, काय केलं तेवढं कळत नाही! लागूंची जुनी ध्वनिमुद्रणं कान देऊन ऐका. आवाज कुजबुजीपर्यंत उतरतो, पण शेवटचा 'नाही' किंवा 'होतं' पुसट होत नाही. श्वास कुठे घेतला तेही सापडत नाही. ज्या माणसाने आरसा लावून शेकडो घसे आतून पाहिलेत, त्याला हे यंत्र कसं चालतं हे ठाऊक होतं. 'वाचिक अभिनय' नावाचं छोटं पुस्तक त्यांनी लिहिलंय, प्रत्येक नाट्यशिबिरात सक्तीचं करावं असं.

याला थंडपणा म्हणायचं असेल तर म्हणा. ऑपरेशन करणाऱ्याचा हातही थंडच असावा लागतो.

———

कृष्णाकाठ | सोमवार, सकाळी ९:४०

सरळसोट भाऊ, आम्ही दोघांचंही बघितलंय. आमच्याकडं सांगलीला नाटक लागलं की बैलगाडीनं नाही पण यष्टीनं येणारी माणसं असायची, रात्रीची गाडी चुकली की स्टँडावर झोपायची.

भटांनी रडवलं हे खरं. लागूंनी मला रडवलं नाही हेही खरं. पण एक सांगतो. शांता जोगांची कावेरी बोलत असायची तेव्हा लागू काय करायचे ते बघत बसावं. काही करायचे नाहीत. ऐकायचे. अगदी घरातला म्हातारा बायकोचं ऐकतो तसं, अर्धं ऐकलेलं, अर्धं ठाऊक असलेलं. पुढं सतीश दुभाषींनी केला, यशवंत दत्तांनी केला, ज्यानं त्यानं आपला आप्पा उभा केला. कुणाचा खरा हे ठरवायला आपण कोण.

आणि 'हिमालयाची सावली' इसरलात काय सगळे? १९७२. धोंडो केशव कर्व्यांवर बेतलेले नानासाहेब भानू लागूंचे, बायो शांता जोगांची. नाटकाचं नावच सांगतंय की नाटक कुणाचं. 'नटसम्राट' गाजत असताना हा माणूस दुसऱ्या नाटकात जाऊन बायकोच्या भूमिकेला जागा करून देतो. आजच्या किती हिरोंना जमंल?

———

हौदावरची | सोमवार, सकाळी १०:०२

कृष्णाकाठ, +१००. यात एक गंमत आहे. कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे. गोपाळ कृष्ण गोखलेही फर्ग्युसनचेच. लागू फर्ग्युसनचे विद्यार्थी. त्यांनी रंगमंचावर कर्व्यांसारखा भानू केला आणि अॅटनबरोच्या 'गांधी'मध्ये गोखले केले. एकाच कॉलेजची एवढी फी कुणी फेडली नसेल.

———

दारेसलामकर | सोमवार, दुपारी १:१५

नोकरीनिमित्त टांझानियात सात वर्षं झाली. टबोरा नावाचं गाव देशाच्या आतल्या भागात आहे, दार-ए-सलामहून येणारी रेल्वे तिथे फुटते, एक फाटा म्वान्झाकडे, एक किगोमाकडे. रस्त्यांना दुतर्फा आंब्याची जुनी झाडं. कामासाठी दोनदा जाणं झालं. साठच्या दशकात डॉ. लागू तिथे शस्त्रक्रिया करत होते हे तिथून परतल्यावर त्यांचं आत्मचरित्र 'लमाण' वाचताना कळलं आणि चुटपुट लागली. आधी ठाऊक असतं तर निदान हॉस्पिटलच्या बाहेर उभा राहून आलो असतो.

मला नवल वाटतं ते पुढच्या निर्णयाचं. परदेशात शिकलेला, एम. एस. झालेला, हात बसलेला सर्जन. १९६९ साली हे सगळं बाजूला ठेवून पूर्णवेळ नट होतो, तेही चाळिशी ओलांडल्यावर. सुरुवात 'इथे ओशाळला मृत्यू'पासून. आमच्या घरात मी नुसती नोकरी बदलायची म्हटलं तर आई दोन दिवस जेवत नाही.

———

सरळसोट | सोमवार, दुपारी २:२०

अवांतर: मराठी रंगभूमीला डॉक्टरांचं एवढं काय वेड? घाणेकर दातांचे, जब्बार पटेल लहान मुलांचे, मोहन आगाशे मनाचे, लागू घशाचे. एक हाडांचा सापडला की इस्पितळ पूर्ण.

(मूळ मुद्दा सोडलेला नाही. थंड ते थंडच.)

———

तिसरी_घंटा | सोमवार, सायं. ६:४८

बेलवलकर वजा करायचा आहे ना, मग त्याच वर्षातलं दुसरं नाटक घ्या. १९७०. 'गिधाडे'. तेंडुलकरांचं लिहून पडलेलं नाटक, करायला कुणी धजत नव्हतं. लागूंनी बसवलं आणि स्वतः कामही केलं. पैशासाठी एकमेकांचे लचके तोडणारं कुटुंब, शिवीगाळ, मारहाण, गर्भपात. वर्षाच्या शेवटी ज्या माणसासाठी अख्खा महाराष्ट्र हुंदके देणार होता, तोच वर्षाच्या मध्यात त्याच मध्यमवर्गाच्या तोंडावर हे फेकत होता.

सेन्सॉरने जे काही कापायला सांगितलं त्यात साडीवरचा रक्ताचा लाल डागही होता. तेव्हा यांनी डाग निळा केला आणि प्रयोगाआधी सांगून टाकलं की हा डाग प्रेक्षकांनी लाल समजावा. झालं! एरवी ज्याचं लक्षही गेलं नसतं तोही डागाची वाट पाहत बसला असेल. असा खोडसाळपणा थंड माणसाला सुचत नाही.

आणि पुढे? एलकुंचवारांचं 'गार्बो', गो. पु. देशपांड्यांचं 'उद्ध्वस्त धर्मशाळा', कितीतरी वर्षांनी प्रेमानंद गज्वींचं 'किरवंत'. 'किरवंत'चा विषय बघा. अंत्यविधी करणारा ब्राह्मण, ज्याला बाकीचे ब्राह्मण पंगतीला घेत नाहीत, आणि हे लिहिणारा दलित नाटककार. यातलं एकही नाटक हाऊसफुल्लचा बोर्ड लावायला म्हणून कुणी निवडणार नाही.

'उद्ध्वस्त धर्मशाळा'त एका डाव्या विचारांच्या प्राध्यापकाची चौकशी चाललीय. बस, एवढंच. खुर्च्या, टेबल, प्रश्न, उत्तरं. हातवारे करायला जागा नाही, रडायला प्रसंग नाही. सरळसोट म्हणतात तो वजन करून टाकलेला शब्द इथे लागतो. इथे भावनेच्या भरात बोलणारा नट पाच मिनिटांत उघडा पडेल.

———

डबल_बॅटरी | सोमवार, रात्री ९:३०

सिनेमावर कुणीच का बोलत नाही? आम्ही तंबूत बसणारी माणसं, नाटक कुठलं बघायला मिळणार. आमचे लागू म्हणजे 'पिंजरा'तले मास्तर. पहिलाच सिनेमा, वय चव्वेचाळीसच्या पुढं, समोर संध्या, कॅमेऱ्यामागं शांतारामबापू. गावाला शिस्त लावणारा मास्तर फडावर तुणतुणं धरून उभा राहतो आणि शेवटी त्याच्यावर स्वतःच्याच खुनाचा आळ येतो. तंबूत बायका पदर लावायच्या डोळ्याला, माझी आजी त्यातली एक. आजी म्हणायची, "मास्तर लई चांगला हुता रं," जणू शेजारच्या वाड्यातला.

मग 'सामना'. समोर निळूभाऊ फुल्यांचा साखरसम्राट हिंदुराव. हा दारू पिऊन आलेला, कोण कुठला मास्तर. दोघंही एकमेकांना जोखत बसतात. तेंडुलकरांचं लेखन, जब्बारांचा पहिला सिनेमा, १९७५ साली बर्लिनच्या स्पर्धेत होता. निळूभाऊ बसल्या जागी अख्खी खुर्ची व्यापायचे आणि लागू असे बसायचे की खुर्ची कधीही सोडतील. 'सिंहासन'मध्ये परत दोघं, पण तिथं वाटा वेगळ्या. लागूंच्या दाभाड्यांच्या त्या गोड हसण्यात मुख्यमंत्रिपदाची भूक दिसती.

हिंदीत मात्र वाया घालवला राव माणूस. जज्ज, बडा उद्योगपती, हिरॉईनचा बाप, हार्ट अटॅक. 'घरौंदा' सोडून. तिथला म्हातारा होत चाललेला मालक दिला आणि फिल्मफेअर घेऊन गेले.

———

मधली_सुट्टी | सोमवार, रात्री १०:१४

डबल बॅटरी, मृणाल सेन यांचा 'एक दिन अचानक' जमल्यास बघा. प्राध्यापक पावसात घराबाहेर पडतो, परत येत नाही. सिनेमाभर घरचे त्याची वाट पाहतात आणि त्याला आठवत राहतात. लागू पडद्यावर थोडा वेळच आहेत, पण घरात सगळीकडे आहेत. हिंदीत वाया गेले म्हणणाऱ्यांनी एवढं एक बघून मग बोलावं.

बाकी शंभर सिनेमे पोटासाठी केले असतील तर केले असतील. 'गिधाडे' करून घरात किराणा भरत नाही.

———

माउलीचा_टाळ | मंगळवार, सकाळी ६:३२

सगळं कौतुक ठीक. पण देवाला रिटायर करा म्हणणारा हा माणूस. नटाने नाटक करावं, लोकांच्या श्रद्धेत नाक खुपसू नये. एवढंच.

———

सातारी_कंदी | मंगळवार, सकाळी ८:१०

टाळकरी बुवा, रामकृष्णहरी. डॉक्टर जन्माने आमच्या साताऱ्याचे (१६ नोव्हेंबर १९२७), दाभोलकरही साताऱ्याचे, त्यामुळे उत्तर द्यायचा हक्क आमचा.

एक: त्यांनी हे आडून म्हटलं नाही. दाभोलकरांबरोबर गावोगाव व्यासपीठावर बसून म्हटलं. आणि गंमत अशी की तिथे दोघांचं पटायचं नाही! लागू म्हणायचे देव ही संकल्पनाच आता निवृत्त करा, दाभोलकर म्हणायचे आमचं भांडण देवाशी नाही, देवाच्या नावाने होणाऱ्या शोषणाशी आहे. एकाच बाजूची दोन माणसं लोकांसमोर आपला मतभेद मांडतात, हे आताच्या काळात स्वप्नातलं वाटतं.

दोन: 'देवकीनंदन गोपाला' पाहिलात का? १९७७, राजदत्तांचा. गाडगेबाबा केलेत डॉक्टरांनी. हातात खराटा, डोक्यावर मडकं. ज्या माणसाचा देवावर काडीचा विश्वास नाही, तो गोपाळाचं नाव असं घेतो की आमच्या गल्लीतली बायामाणसं पडद्याला हात जोडत होती.

तीन: सामाजिक कार्यकर्त्यांना मानधन मिळावं म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला, त्यासाठी निळूभाऊ, लागू आणि मोठमोठे नट 'लग्नाची बेडी' घेऊन फिरले. खराटा तोही.

———

माउलीचा_टाळ | मंगळवार, सकाळी ८:५५

देवकीनंदन पाहिला आहे. तेव्हा मी सहावीत. ते लागू आहेत हे आज कळलं.

———

सरळसोट | मंगळवार, सकाळी ९:०१

धाग्याचा विषय देव नाही. (हे मी म्हणतोय म्हणजे बघा.)

———

वर्गात_शेवटचा | मंगळवार, दुपारी ४:२७

मी तुमच्यातला सर्वांत लहान असेन. आजीला सोबत म्हणून 'मित्र' नाटकाला गेलो होतो, कोथरूडला. शाळेत होतो, मनात क्रिकेटची मॅच. लागू तेव्हा पंचाहत्तरीच्या आसपास. अर्धांगवायूने पडलेला तिरसट म्हातारा आणि त्याची शुश्रूषा करायला आलेली दलित नर्स, ज्योती चांदेकर. म्हाताऱ्याला ती नकोच असते.

मला आठवतं ते असं की अर्धं अंग लुळं दाखवायचं म्हणजे अभिनयाची निम्मी हत्यारं काढून घेतल्यासारखं. तरी त्या एका बाजूवर माणूस मग्रूर दिसला, घाबरलेला दिसला, लाजलेला दिसला. घरी येताना रिक्षात आजी म्हणाली, "तुझे आजोबा शेवटी असेच होते, पण त्यांना कुणी अशी बाई भेटली नाही." आजोबांबद्दल ती त्याआधी कधी बोलली नव्हती. मॅच कोण जिंकलं ते आता आठवत नाही.

नंतर कळलं की त्याच्या थोडं आधी, सत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी मकरंद साठ्यांच्या 'सूर्य पाहिलेला माणूस'मध्ये सॉक्रेटिस केला होता, अतुल पेठ्यांच्या दिग्दर्शनात. स्वतःहून निम्म्या वयाच्या माणसांसमोर नव्याने तालमीला उभं राहायचं. ते पाहायचं राहून गेलं.

———

सज्जावाला | मंगळवार, रात्री १०:४०

धागा अपेक्षेपेक्षा बराच पळाला. सर्वांना धन्यवाद, टाळकरी बुवांना आणि सरळसोटांनाही.

दारेसलामकरांनी 'लमाण'चा उल्लेख केला म्हणून. आत्मचरित्राला हे नाव का, यातच सरळसोटांचं उत्तर आहे असं मला वाटतं. लमाण म्हणजे इकडचा माल तिकडे वाहून नेणारा. नाटककाराने गोणी भरून दिली, ती न सांडता प्रेक्षकाच्या दारात उतरवायची. मालावर आपला हक्क सांगायचा नाही. अशा माणसाचा हात थंड वाटणारच. पण कुठल्या गोण्या उचलल्या तेही बघा ना. शिरवाडकरांची सगळ्यांनाच हवी होती. तेंडुलकरांची, गोपुंची, गज्वींची उचलायला हमाल मिळत नव्हते.

एक राहिलं, कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. त्यांचा मुलगा तन्वीर ऐन उमेदीत अपघातात गेला. त्यावर त्यांनी आणि पत्नी दीपाताईंनी सार्वजनिक गळा काढला नाही. रूपवेध प्रतिष्ठानमार्फत त्याच्या नावाने रंगकर्मींसाठी 'तन्वीर सन्मान' सुरू केला, दर ९ डिसेंबरला.

———

सरळसोट | मंगळवार, रात्री ११:२०

लमाणाचं पटलं. अर्धं. दत्ता भट गोणी फोडून माल अंगावर उधळायचे आणि मला तेच आवडतं, त्याला काय करणार. पण 'उद्ध्वस्त धर्मशाळा' वाचीन म्हणतो.

———

सज्जावाला | बुधवार, सकाळी ८:१५

वाचायचंय तर रांगेत या. त्या दाढीवाल्या पोराचा काल फोन आला होता. स्पर्धेच्या आयोजकांकडून माझा नंबर मिळवला म्हणे. पुढच्या वर्षी वेगळं काहीतरी करायचंय, सुचवा. मी याच नाटकाचं नाव सांगितलं, तर आमच्या वाचनालयातल्या प्रतीची मधली पानं गायब. कुणाकडे आहे का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

———

हौदावरची | बुधवार, सकाळी ८:३१

वडिलांची आहे. पुठ्ठा गेलाय, पानं सगळी आहेत. दुपारी एक ते चार सोडून केव्हाही या आणि पोराला पाठवलंत तर येताना ओळखपत्र आणायला सांगा. वहीत नोंद केल्याशिवाय पुस्तक उंबऱ्याबाहेर जात नाही.